आत्याची पाठ

दरवर्षी जुलैत शेवटच्या वर्षाच्या वर्गाला मी जुनी इंग्रजी गॉथिक कादंबरी शिकवायला घेते. पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाही. एकच प्रश्न विचारते, राक्षस कशाने होतो? पोरं हैदराबादची, त्यामुळे उत्तरं तीन-चार भाषांतून येतात. दात. नखं. लाल डोळे. अंगभर केस. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "शकल से, मॅडम!" आणि वर्ग हसायचा. मीही हसायचे. तेव्हा माझा चेहरा धड होता.

मग जबड्याच्या हाडात गाठ निघाली. कर्करोग नव्हता, पण हाड पोखरून टाकलं होतं. शस्त्रक्रिया झाली, डावा अर्धा जबडा गेला, त्याबरोबर एक शीर गेली. जीव वाचला असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण डावा गाल आत बसला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डावा डोळा पुरता मिटेना. बोलताना त्या कोपऱ्यातून हवा निसटते. रजा संपवून वर्गात गेले आणि सवयीने तोच प्रश्न विचारला. कुणी दात म्हणेना, कुणी डोळे म्हणेना. मागचा बाक तर वहीत डोकं घालून बसला होता. मला असा काही राग आला! म्हटलं, "अरे, वर बघा की. मी काय चावते का? आणि अर्ध्या जबड्याने चावून चावणार तरी किती?" एक मुलगी फिसकन हसली आणि मग सगळे हसले. त्या मुलीचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

त्या कादंबऱ्यांत पडके किल्ले असतात, वादळं असतात, वरच्या मजल्यावर कुलूप लावलेली एखादी खोली असते. पोरांना वाटतं, भीती त्यात आहे. मी त्यांना सांगते, नीट वाचा. ज्याला सगळे राक्षस म्हणतात, त्याने पहिल्या भेटीत बहुतेक वेळा कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. तो फक्त दिसतो. समोरचा माणूस एक पाऊल मागे सरकतो, दार लावतो, आणि कथा तिथून सुरू होते. पुढे तो जी वाईट कामं करतो ती त्या बंद दाराच्या बाहेर बसून शिकलेली असतात. आणखी एक गोष्ट मला पूर्वी दिसली नव्हती, ती आता दिसते. त्याला कुणी हात लावत नाही. लावलाच तर मारायला.

खरं तर आमच्या घराला हे कळायला इंग्रजी पुस्तकांची गरज नव्हती. माझे आजोबा मराठवाड्यातल्या एका गावचे. गावाच्या विहिरीवर त्यांना ओंजळ धरून उभं राहावं लागे, आणि वरून कुणी पाणी ओतलं तर प्यायचं. बाजारच्या दिवशी आपली सावली कुणावर पडू नये म्हणून ते उन्हाचा अंदाज घेत चालायचे. पुढे त्यांनी धम्माची दीक्षा घेतली. वडिलांना रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि आम्ही हैदराबादेत तारनाक्याला आलो. वडिलांनी घरातून शकुन-अपशकुन झाडून बाहेर काढले. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम पुढे व्हायचे. "कुणाला बघून कुणाचं काही विटाळत नसतं," हे त्यांचं वाक्य. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही ते ऐकत मोठे झालो.

भाऊ माझ्याहून पुष्कळ लहान. मी शाळेच्या वरच्या वर्गात असताना तो झाला आणि माझ्याच कडेवर वाढला. त्याचं बारसं मला लख्ख आठवतं. आमच्यात पत्रिकेवर नामकरण छापतात, बोलताना बारसंच म्हणतात. आधी बुद्धवंदना होते, मग पाळणा. बाकी सगळं इतर मराठी घरांसारखंच. नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते आणि 'कुर्रर्र' करते. त्याच क्षणी जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. का घालतात, ते मला कुणी धड सांगितलेलं नाही. पण असा मार खायला मिळणं हाच आत्याचा मोठेपणा. आमची आत्या परभणीहून आली होती. बायकांनी तिला असं बदडलं की ती ओरडली, "हाडं मोडता का गं माझी, भवान्यांनो!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवताना तिने मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आज मी मार खाल्ला. ह्याला लेकरू झालं की तुझी पाठ."

मी लग्न केलं नाही. त्याचं कारण साधं होतं, मनासारखं कुणी भेटलं नाही. त्याचं मला फार दुःखही नाही. पण ती पाठीची गोष्ट मी मनात जपून ठेवली होती, हे कबूल करते. बाईला लोक कितीतरी नावांनी हाक मारतात. मला त्यातलं एकच हवं होतं.

शस्त्रक्रियेनंतर थोड्याच महिन्यांत महामारी आली आणि सगळ्या जगाने तोंडावर मास्क चढवला. लोक हाल सोसत होते आणि मी आपली, सांगायला लाज वाटते, सुखात होते. भाजीवाला माझ्याशी घासाघीस करायचा. शेजारीण जिन्यात थांबून बोलायची. मी पुन्हा माणसांत आले होते. मग मास्क उतरले आणि बसमध्ये माझ्या शेजारची सीट पुन्हा रिकामी राहू लागली. नातेवाईक प्रेमाचे आहेत, कुणी वाईट बोलत नाही. फक्त पूर्वी भेटल्यावर गळ्यात पडायच्या त्या बायका आता चार हात लांबून विचारतात, "तब्येत बरी ना?" भाऊ चालताना माझ्या उजव्या बाजूला येतो. त्या बाजूने मी जुनीच ताई दिसते. त्याने हे ठरवून केलं नसावं. पण तो डाव्या बाजूला कधी येत नाही.

भावाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दवाखाने झाले, औषधं झाली. आणि एका सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, त्याच्या कुकटपल्लीहून, फोन आला. "ताई, मुलगी! दोघी मस्त आहेत. तू आता पाठीला तेल लावून ठेव." मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच खाली बसले. तो पुढे म्हणाला, "आणि नाव तूच शोध. मराठी पाहिजे, आणि सोपं. मला वाचता आलं पाहिजे." त्याला मराठी वाचायला मीच शिकवलं होतं. शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, गल्लीत दखनी, त्यामुळे त्याची मराठी अजूनही अक्षर लावत लावत चालते.

नावाची माझी एक अडचण होती. माझे ओठ डाव्या बाजूला मिटत नाहीत. प, ब, म ही अक्षरं माझ्या तोंडून फुटकी निघतात. वर्गातल्या पोरांना ती कळतात, पण बाळाला आयुष्यात पहिल्यांदा नाव सांगायचं आणि तेच फुटकं, हे मला चालणार नव्हतं. म्हणून ओठ न मिटता म्हणता येईल असं नाव शोधायला बसले. अफझलगंजच्या जुन्या ग्रंथालयात मराठीची कपाटं आहेत, तिकडे आता सहसा कुणी फिरकत नाही. तिथे दोन दुपारी धूळ खात बसले. थेरींच्या, म्हणजे जुन्या बौद्ध भिक्षुणींच्या कथांचं एक पुस्तक सापडलं. त्यातल्या एकीचं नाव होतं, छोटं आणि स्वच्छ. एकही अक्षर असं नाही की जे माझ्या ओठांना अडेल. मी ते भावाला कळवलं. त्याने लगेच उलट कळवलं, "फायनल!"

मग काय, मी तालीमच सुरू केली. कुकरच्या शिट्टीआधी नाव म्हणायचं, कपडे वाळत घालताना म्हणायचं. 'कुर्रर्र' जमेना, हवा निसटायची. गाल आतून जिभेने दाबून धरला की जमायचं. आईच्या मऊ झालेल्या नऊवारीतून मी एक कुंची शिवली. आरशासमोर वाकून पाहिलं, कुठल्या बाजूने वाकलं तर बाळाला माझी उजवी बाजू दिसेल. स्वतःचंच हसू आलं. एवढ्याशा लेकराला उजवं काय आणि डावं काय.

बारशाला दोन दिवस असताना भाऊ घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसला. चहा दिला तर कपाकडे बघत राहिला. मला वाटलं पोरीला काही झालं. विचारलं, तर म्हणाला, "नाही गं, ती एकदम ओके आहे." मग कप तसाच खाली ठेवला.

"ताई, ते नाव ठेवायचं आहे ना," तो शेवटी म्हणाला, "ते आपण बोलारमच्या ताईला सांगावं म्हणतो."

बोलारमची ताई म्हणजे बोलारम भागात राहणारी आमची चुलत बहीण. नात्याने तीही आत्याच.

"का?"

"तुला बोलायला त्रास होतो. माईक राहणार, सगळे ऐकणार."

"कानात सांगायचं असतं रे. कानात माईक कुठून आला?"

"तसं नाही गं. हिच्या माहेरची माणसं नांदेडहून येणार. ते म्हणायलेत, इतक्या वर्षांनी लेकरू झालं, पहिल्यांदा कानात कोण, डोळ्यांसमोर कोण... आपण असलं मानत नाही, ताई. तुला माहीत आहे, मी मानत नाही. पण त्यांचं मन... आणि फोटोवाला राहतो, व्हिडिओ आयुष्यभराचा असतो."

एवढं सगळं त्याने माझ्या उजव्या खांद्याकडे बघून सांगितलं. मला ओरडावंसं वाटलं. आजोबांच्या ओंजळीची आठवण करून द्यावी, वडिलांचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकावं, असं वाटलं. पण तो इतका केविलवाणा दिसत होता, आणि माझी जीभ रागात नेहमी थट्टेकडे वळते. मी म्हटलं, "मग मी मास्क लावून येऊ का?"

मला वाटलं होतं, तो म्हणेल, काहीतरीच काय बोलतेस ताई. त्याने मान वर केली. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता.

"चालेल तुला?" तो म्हणाला. "खरंच चालेल? मग कुणाला काही वाटणार पण नाही. तू आत बस, एकदम बाळाजवळ बस."

मी "हौ" म्हटलं. तो गेल्यावर त्याचा चहा तसाच राहिलेला दिसला. साय धरली होती.

जाऊ नये असं फार वाटलं. पण नाही गेले असते तर त्यांनी सोयीने म्हटलं असतं, ताईची तब्येत बरी नव्हती. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. शिवाय, खरं सांगू, मला पोरगी बघायची होती.

कुकटपल्लीच्या त्यांच्या इमारतीत खाली एक हॉल आहे. पाळण्याला गुलाबी आणि पांढरे फुगे लावले होते. मागे मोठ्या अक्षरांत नावाची पाटी होती, तिच्यावर नाव ठेवेपर्यंत रेशमी कापड टाकलेलं. पुढच्या टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलं. वंदना झाली. मी सगळ्यांबरोबर हात जोडून म्हटली. मास्कच्या आत माझी प, ब, म कुणाला कळत नव्हती. मग पाळण्यापाशी गर्दी झाली. भाऊ म्हणाला होता, आत, बाळाजवळ बस. मी पुढे गेले तर फोटोवाला म्हणाला, "आंटी, जरा बाजू हो जाओ, फ्रेम में आ रैं आप." त्याची काही चूक नाही. मी भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

बोलारमची बहीण पाळण्यावर वाकली. बायकांनी पाळणा म्हटला. तिने कानात नाव सांगितलं, 'कुर्रर्र' केलं, आणि धपाधप बुक्क्या सुरू झाल्या. "आई गं, पुरे की!" ती ओरडली. सगळ्या हसल्या. पाटीवरचं रेशमी कापड ओढलं गेलं, टाळ्या झाल्या. मी शोधलेलंच नाव होतं, मोठ्या सोनेरी अक्षरांत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीत पुढे वाकून बसले आहे, मान खाली आणि पाठ वर करून. मी हळूच सरळ झाले. मास्क आतून ओला झाला होता.

जेवणं सुरू झाली तशी वहिनीने पोरीला हॉलशेजारच्या लहान खोलीत झोपवलं आणि ती माझ्याकडे आली. ती बिचारी माझ्याशी कधीच वाईट वागली नाही. म्हणाली, "ताई, मी दोन घास खाऊन घेते, तुम्ही बसता का तिच्यापाशी?" मी धावतच गेले म्हणा.

पोरगी जागी होती. मी शिवलेली कुंची कुणीतरी तिच्या पायाशी घडी करून ठेवली होती. एसीचा गारवा होता म्हणून मी ती तिला बोलत बोलत घातली. तिने आवाजाच्या दिशेने डोळे फिरवले आणि माझ्या मास्कवर रोखले. भुवया आक्रसल्या, ओठ थरथरले. आता रडणार असं वाटलं. मी मास्क काढला. तिने बघितलं. कपाळ, नाक, ओढलेलं तोंड, बसलेला गाल, सगळं सावकाश बघितलं, आणि आक्रसलेल्या भुवया सैल झाल्या. तिला तोंड हवं होतं, कसलंही. मी वाकले, जिभेने गाल दाबून धरला आणि तिच्या कानात तिचं नाव सांगितलं. अगदी स्वच्छ निघालं. मग 'कुर्रर्र' केलं. तेही जमलं. आणि मी तशीच वाकून राहिले, जरा वेळ. कशाची वाट बघत होते, ते सांगायला नको.

दार उघडलं. वहिनीची आई होती, मागे माझा भाऊ.

हा प्रसंग मी वर्गात कितीदा शिकवला आहे. निजलेलं माणूस, त्याच्यावर वाकलेली आकृती, अचानक उघडलेलं दार. मी पोरांना विचारते, इथे भीती नक्की कुणाला वाटते आहे? दारातल्याला, की वाकलेल्याला? ती नेहमी दारातल्याला म्हणतात. तसं नसतं, हे मी त्यांना पुस्तकातून दाखवत आले. त्या दिवशी वाकलेली मी होते.

वहिनीच्या आईने किंकाळी वगैरे फोडली नाही. चांगली, रीतभात असलेली बाई आहे. "अगं बाई," एवढंच हळू म्हणाली, पुढे झाली आणि पोरीला उचलून पदराखाली घेतलं. पोरगी तेव्हा रडायला लागली. मी भावाकडे बघितलं. कडेवर घेऊन मी त्याला गल्लीभर फिरवलं होतं. पाटीवर बोट धरून अक्षरं गिरवून घेतली होती. तो काहीतरी बोलणार होता, मला दिसत होतं.

"ताई," तो म्हणाला, "मास्क."

मी लावला.

जेवले नाही. मास्क लावून कसं जेवणार, आणि काढून कुठे बसणार? भाऊ गेटपर्यंत सोडायला आला. उजव्या बाजूने चालत होता. घुगऱ्यांची पुडी त्याने माझ्या हातात दिली. बारशाच्या घरून रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात.

"ताई, राग धरू नको."

"नाही धरत."

"नाव सगळ्यांना आवडलं गं. सगळे विचारायलेत, कुणी शोधलं म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

त्याचे डोळे भरून आले. लहानपणी काही फोडलं की भरून यायचे तसेच. त्याचा हात वर आला. मला वाटलं, आता. माझी पाठ आपोआप वाकली. त्याने येणाऱ्या ऑटोला हात केला होता.

"किधर जाना, अम्मा?" ऑटोवाल्याने विचारलं.

"तारनाका."

मास्कमधून त्याला ऐकू गेलं नाही. "किधर?"

मी मास्क काढला, त्याच्याकडे सरळ बघितलं आणि पुन्हा सांगितलं. त्याने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "बैठो."

माझा भाऊ रस्त्याकडे बघत उभा होता.